अंतर्गत बाब कुठे संपते

15 नोव्हेंबर 1971 पासून भारतात पत्र टाकायचं तर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट डकवावं लागायचं. नवं तिकीट छापून होईपर्यंत थांबायला सवड नव्हती, म्हणून कुटुंबनियोजनाचं जुनंच पाच पैशांचं तिकीट घेऊन त्यावर ‘शरणार्थी सहायता’ हे शब्द उमटवले होते. आईबाप आणि दोन मुलं असं चौकोनी कुटुंब, आणि त्यांच्या चित्रावरून गेलेली ती अक्षरं. मी ते पहिल्यांदा पाहिलं आजोळी, खुंटीला लटकवलेल्या पत्रांच्या तारेत. पत्रात भात झोडून झाल्याचं, म्हैस व्यायल्याचं आणि धाकटीच्या लग्नाचं बोलणं लांबल्याचं लिहिलं होतं. बांगलादेशाचं त्यात नावही नव्हतं. तिकीट मात्र होतं.

परक्या देशात सैन्य पाठवणं कधी योग्य ठरतं, असा वाद निघाला की मला ते तिकीट आठवतं. ढाक्यात कुणी कुणावर गोळ्या झाडल्या हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असं पाकिस्तानचं सरकार 1971 मध्ये वर्षभर सांगत होतं. संयुक्त राष्ट्रांची सनद समोर ठेवली तर ते म्हणणं निराधारही नव्हतं. तरी त्या अंतर्गत प्रश्नाचा भार कोकणातलं एक शेतकरी घर पाच-पाच पैशांनी उचलत होतं.

सनद काय म्हणते ते आधी पाहू. दुसऱ्या कलमाचं चौथं पोटकलम सांगतं की कोणत्याही देशाने दुसऱ्या देशाच्या भूमीविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळ वापरू नये. त्याच कलमाचं सातवं पोटकलम संयुक्त राष्ट्रांनाच बजावतं की देशांच्या अंतर्गत बाबींत पडू नका. सुटका दोनच: सुरक्षा परिषदेने कारवाईला मंजुरी द्यावी, किंवा स्वतःवर सशस्त्र हल्ला झालेला असावा. शेजारी देश आपल्याच माणसांना मारतोय, हे कारण या यादीत नाही.

ही हयगय नव्हती. सनद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर 1938 साल होतं. चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मन भाषकांवर अन्याय होतोय, त्यांना वाचवायला हवं, असं म्हणतच हिटलरने सुडेटनलँड घशात घातला होता. ‘तिकडच्या लोकांना वाचवायला आलो’ हे वाक्य आक्रमणाइतकंच जुनं आहे आणि लहान देशांना ते नेमकं ठाऊक आहे. म्हणून हस्तक्षेपाला सरसकट विरोध करणाऱ्या माणसाला मी भित्रा किंवा निर्दय म्हणणार नाही. त्याच्यामागे इतिहास उभा आहे.

पण 25 मार्च 1971 च्या रात्रीमागेही इतिहास उभा आहे. डिसेंबर 1970 च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, 162 सर्वसाधारण जागांपैकी 160 जिंकल्या होत्या आणि सगळ्या पाकिस्तानच्या संसदेत तिला स्पष्ट बहुमत होतं. सत्ता सोपवण्याऐवजी लष्कराने ‘ऑपरेशन सर्चलाइट’ सुरू केलं. ढाका विद्यापीठात, हिंदू विद्यार्थी राहायचे त्या जगन्नाथ हॉलमध्ये, त्या रात्री विद्यार्थी आणि प्राध्यापक मारले गेले. ढाक्यातले अमेरिकेचे कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांनी आपल्याच सरकारच्या गप्प राहण्याचा निषेध करणारी तार 6 एप्रिलला वॉशिंग्टनला पाठवली. तारेवर त्यांच्या वीस सहकाऱ्यांची नावं होती. ब्लड यांची थोड्याच काळात तिथून बदली झाली.

जगाला हे सविस्तर सांगणारा माणूस आपल्या बेळगावात जन्मलेला होता. अँथनी मस्कारेन्हस, गोवेकर ख्रिस्ती कुटुंबातले, कराचीत पत्रकारी करणारे. एप्रिलमध्ये लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात दहा दिवस फिरवलं. सगळं कसं सुरळीत आहे ते त्यांनी लिहावं एवढीच अपेक्षा होती. सातजणांनी तसं लिहिलं. मस्कारेन्हस यांनी कोमिल्ल्याच्या बाजूला अधिकाऱ्यांसोबत फिरताना माणसं हेरून मारणं जवळून पाहिलं होतं, आणि रात्री मेसमध्ये त्या दिवसाचे आकडे सांगितले जात तेही ऐकलं होतं. घरी परतले तेव्हा त्यांना अन्न गोड लागेनासं झालं होतं. ते लंडनला गेले आणि ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांना भेटले. बायको आणि पाच मुलं कराचीत असताना हे छापणं शक्य नव्हतं. मग घरी तार गेली: ‘अ‍ॅनचं ऑपरेशन यशस्वी झालं.’ ही खूण होती. बायकोमुलांनी घर सोडलं आणि मधल्या काळात पाकिस्तानात परतलेले मस्कारेन्हस स्वतः जमिनीवरून सीमा ओलांडून अफगाणिस्तानात पोचले. 13 जून 1971 ला लेख आला. मथळ्यात एकच शब्द होता: वंशसंहार.

तोवर भारतात निर्वासितांचा लोंढा सुरू झाला होता. वर्षअखेर ती संख्या एक कोटीच्या घरात गेली. त्रिपुराची स्वतःची वस्ती पंधरा-सोळा लाख, आणि तिथे आलेले निर्वासित चौदा लाखांच्या आसपास. पावसाळ्याबरोबर कॉलरा आला. पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात दोन खोल्यांत जमिनीवर माणसं पडलेली होती. सलाईन लावायचं तर डॉक्टरांना उलटी-जुलाबाच्या थारोळ्यात गुडघे टेकावे लागत, आणि सलाईनही संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी तिथे एक साधा उपाय केला. लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. तोटीच्या पिंपांतून हे पाणी द्यायचं, आणि पाजायचं काम नर्सची वाट न बघता रुग्णाच्या आईने, भावाने, बायकोने करायचं. आधी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण चारच्याही खाली आलं. आज आपण घरी जुलाबाच्या वेळी जी पुडी पाण्यात टाकतो, तिच्यातल्या मिश्रणाने त्या छावण्यांत कॉलऱ्याला प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर हरवलं.

बनगावचं हे सांगायचं कारण असं की वादाच्या दुसऱ्या टोकाला ही खोली आहे. सार्वभौमत्व म्हणजे घराचा उंबरठा, ही उपमा आपल्याला पटते. पण उंबरठ्याच्या आत जे चाललंय ते एक कोटी माणसांच्या रूपाने शेजाऱ्याच्या ओसरीवर येऊन पडलं, तर तो उंबरठा नक्की कुणी ओलांडला?

सुरक्षा परिषदेत 4 डिसेंबरला भारताचे प्रतिनिधी समर सेन यांनी हाच प्रश्न विचारला. एखाद्या देशाची समाजव्यवस्था खिळखिळी करणं, तिजोरी रिकामी करणं, त्याच्या जमिनीवर लाखो माणसं लोटणं हे आक्रमणच, रणगाडे घुसवण्यापेक्षा ते वेगळं कसं, असा त्यांचा मुद्दा होता. आपले हेतू शुद्ध आहेत, पूर्व बंगालच्या लोकांची सुटका करायची आहे, असंही ते म्हणाले. यातला पहिला मुद्दा मला भक्कम वाटतो. दुसऱ्याशी मात्र प्रामाणिकपणे झगडावं लागतं.

कारण हेतू शुद्ध नव्हते, म्हणजे केवळ शुद्ध नव्हते. संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांनी मार्च संपायच्या आतच जाहीरपणे म्हटलं होतं की अशी संधी पुन्हा येणार नाही. पाकिस्तान दुभंगणं भारताच्या सोयीचं होतं, ही गोष्ट दिल्लीत सगळ्यांना कळत होती. मुक्तिवाहिनीला, म्हणजे बंगाली बंडखोरांच्या फौजेला, शस्त्रं आणि प्रशिक्षण भारत महिनोन्महिने देत होता. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केले आणि युद्ध जाहीर झालं, ही आपली शाळेतली गोष्ट खरी आहे. पण भारतीय तुकड्या सीमेपलीकडे त्याआधीच लढत होत्या. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली गरीबपूरची लढाई पूर्व पाकिस्तानच्या हद्दीत झाली.

हे सगळं मान्य करूनही 1971 चं सैन्य पाठवणं मला योग्यच वाटतं, आणि का ते सांगतो. हेतू निर्मळ हवा ही अट घातली तर जगात कुणीच कधी कुणाला वाचवायला जाणार नाही. हेतूंत मिसळ नसलेलं सरकार अजून जन्मायचं आहे. त्याऐवजी मी दोन साध्या गोष्टी बघतो. पलीकडे सत्ता कुणाच्या हाती सोपवायची, ते जाण्यापूर्वी ठाऊक होतं का? आणि सैन्य परत कधी आलं?

1971 मध्ये पहिल्या प्रश्नाचं उत्तर मतपेटीतून आधीच मिळालेलं होतं. भारताला कुणी पुढारी घडवावा लागला नाही, लोकांनी निवडलेले पुढारी, अवामी लीगचे शेख मुजीब, पश्चिम पाकिस्तानात तुरुंगात होते. दुसऱ्याचं उत्तर तारखांत आहे. 16 डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्सवर एका साध्या टेबलाशी बसून पाकिस्तानी सेनापती नियाझींनी भारताच्या जगजितसिंग अरोरांपुढे शरणागतीवर सही केली. 10 जानेवारीला मुजीब ढाक्यात पोचले. फेब्रुवारीत कोलकात्यात इंदिरा गांधींशी त्यांची भेट झाली आणि 25 मार्चपर्यंत भारतीय सैन्य माघारी जाईल असं ठरलं. ठरलेल्या मुदतीच्या आधीच, मार्चच्या मध्यापर्यंत, सैन्य निघालं. 12 मार्चला ढाक्यात निरोपाचं संचलन झालं. जिंकलेलं सैन्य तीन महिन्यांत घरी. युद्धांच्या इतिहासात हे फार वेळा घडलेलं नाही, आणि छावण्यांतली बहुतेक माणसंही तोवर आपापल्या गावी परतली होती.

काळी बाजूही होती. मार्चमध्ये आणि शरणागतीनंतरही उर्दू भाषक बिहारी लोकांवर सूड उगवला गेला, आणि सैन्य हजर असूनही तो सगळा रोखता आला नाही. त्यांची नातवंडं आजही ढाक्यातल्या वस्त्यांत दाटीवाटीने राहतात. मृतांचा आकडाही वादात आहे. बांगलादेश तीस लाख सांगतो, पाकिस्तानच्या चौकशी आयोगाने सव्वीस हजार सांगितला. अभ्यासक या दोन टोकांच्या मधले बरेच वेगवेगळे आकडे देतात. आकड्यावर भांडता येईल, पण एक कोटी माणसं घरदार सोडून उगाच पळत नाहीत.

जगाने तेव्हा काय केलं? 7 डिसेंबरला आमसभेत युद्धबंदी आणि माघारीचा ठराव आला. बाजूने 104, विरोधात 11, तटस्थ 10. अलिप्ततेतले आपले जुने सोबती इजिप्त आणि युगोस्लाव्हिया बाजूने होते. आपल्यासोबत सोव्हिएत गट आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत आलेला भूतान. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकाराने आपल्याला तारलं, जसं त्याने डिसेंबर 1961 मध्ये गोव्याच्या वेळी तारलं होतं. गोव्याचा प्रश्न वेगळा होता. तिथे वसाहत उठवायची होती आणि गोवा परका देश आहे हेच आपल्याला मान्य नव्हतं, त्यामुळे दोन्हीला एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

आता हाच देश सोळा वर्षांनी पाहा. 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला आणि शांतिसेना श्रीलंकेत उतरली. कायद्याच्या दृष्टीने हा हस्तक्षेप 1971 पेक्षा कितीतरी स्वच्छ होता, तिथल्या सरकारनेच बोलावलं होतं. हेतूही वाईट नव्हता: तमिळांना स्वायत्तता, देश अखंड. पण ज्या बंडखोर तमिळ वाघांनी शस्त्रं खाली ठेवायची त्यांची करारावर सही नव्हती, आणि त्यांना पूर्वी शस्त्र चालवायला आपणच शिकवलं होतं. ऑक्टोबरमध्ये लढाई पेटली. 21 ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी, जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि नर्सेस धरून साठ-सत्तर माणसं मेली. तिथले तमिळ ते विसरले नाहीत. महिन्याभराने, 25 नोव्हेंबरला, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, आठव्या महार बटालियनचे, छातीत गोळी लागलेली असताना हल्लेखोराच्या हातातली रायफल हिसकावून लढले आणि गेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्यांच्या शौर्याला तोड नाही. पण त्यांना कशासाठी पाठवलं होतं, हे धड सांगता येईल असं उत्तर तेव्हाही कुणाकडे नव्हतं. सत्ता सोपवायला उत्तरेत माणूस सापडला नाही, परतीची तारीख ठरलेली नव्हती. सिंहली चिडले, तमिळ चिडले. अखेर श्रीलंकेच्याच नव्या अध्यक्षांनी ‘जा’ म्हटलं आणि मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी निघाली. जवळपास बाराशे जवान परत आले नाहीत.

जाफना आठवला की ‘जाऊच नये’ म्हणावंसं वाटतं. मग 1994 समोर येतं. रवांडात एप्रिल ते जुलै शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कोयत्यांनी आणि दंडुक्यांनी मारली गेली. संयुक्त राष्ट्रांचे अडीच हजार सैनिक तिथे होते. सुरक्षा परिषदेने त्यांची संख्या वाढवायची सोडून 21 एप्रिलला 270 वर आणायचा ठराव केला. कुणीही कुणाच्या अंतर्गत बाबीत पडलं नाही.

त्या शरमेतून ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व पुढे आलं आणि 2005 च्या जागतिक शिखर परिषदेत सगळ्या देशांनी ते मान्य केलं: सरकार स्वतःच्या लोकांना वंशसंहारापासून वाचवत नसेल, तर सुरक्षा परिषदेमार्फत जगाने पाऊल उचलावं. मार्च 2011 मध्ये लिबियासाठी ते वापरलं गेलं. बेंगाझीतल्या लोकांना वाचवायला दिलेली परवानगी गद्दाफीची राजवट पाडेपर्यंत ताणली गेली. भारत तेव्हा सुरक्षा परिषदेत होता आणि तटस्थ राहिला. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो, कारण माझ्या दोन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर ठराव आणणाऱ्यांकडे नव्हतं. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारला गेला, विमानं परत गेली, आणि मागे टोळ्यांची लढाई, दोन-दोन सरकारं उरली. सैन्य लवकर परत येणं पुरेसं नसतं, हे लिबियाने शिकवलं. कुणाच्या हाती देऊन परतलात ते आधी बघावं लागतं.

सगळ्यात जास्त मला छळते ती कंबोडियाची गोष्ट. एप्रिल 1975 मध्ये सत्तेवर आलेल्या ख्मेर रूजने शहरं रिकामी केली, शाळा, पैसा, देऊळ सगळं बंद केलं. नॉम पेन्हमधल्या एका शाळेचं त्यांनी कैदखान्यात रूपांतर केलं. त्या तुओल स्लेंगमध्ये हजारो माणसांचे फोटो काढून, जबान्या लिहून घेऊन त्यांना मारलं गेलं. चार वर्षांत देशातली पंधरा ते वीस लाख माणसं गेली. 25 डिसेंबर 1978 ला व्हिएतनामी सैन्य शिरलं आणि 7 जानेवारीला नॉम पेन्ह पडलं. व्हिएतनामला कंबोडियाची कणव आली होती असं नाही. ख्मेर रूज त्याच्या सीमेवरच्या गावांत कत्तली करत होते, आणि आपल्या मर्जीतलं सरकार शेजारी असावं हा हिशेब होताच. तरी ते सैन्य आलं आणि मारणं थांबलं.

सुरक्षा परिषदेत फ्रान्सच्या प्रतिनिधीने सांगितलं की राजवट घृणास्पद आहे म्हणून तिला बाहेरून पाडणं योग्य मानलं, तर जगाची व्यवस्थाच धोक्यात येईल. चीनने व्हिएतनामला धडा शिकवायला फेब्रुवारी 1979 मध्ये त्याच्यावर सैन्य घातलं. आणि त्या सप्टेंबरात आमसभेत प्रश्न आला की कंबोडियाच्या खुर्चीवर बसायचं कुणी. 71 देशांनी ख्मेर रूजच्या बाजूने मत दिलं, 35 विरोधात गेले, 34 तटस्थ. ज्यांनी आपल्या देशाची ही गत केली, त्यांचे प्रतिनिधी त्या खुर्चीवर बसून राहिले, पुढची कित्येक वर्षं.

व्हिएतनामही माझ्या कसोटीला पूर्ण उतरत नाही. त्याने आपल्या पसंतीचं सरकार बसवलं आणि दहा वर्षं तळ ठोकला. सप्टेंबर 1989 मध्ये सैन्य निघालं. पण 7 जानेवारी 1979 ला ते शिरलंच नसतं तर बरं झालं असतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कायदा मोडून आलेल्या त्या सैन्यामुळे माणसं जिवंत राहिली.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्याच मदतीने नॉम पेन्हमध्ये न्यायालय उभं राहिलं. ख्मेर रूजचे परराष्ट्रमंत्री इएंग सारी खटला चालू असतानाच 2013 मध्ये वारले. 16 नोव्हेंबर 2018 ला त्यांचे दोन सहकारी, 92 वर्षांचे नुऑन चिया आणि 87 वर्षांचे खिऊ सांफान, वंशसंहाराचे गुन्हेगार ठरले. खुर्चीसाठी त्यांच्या बाजूने मतदान झालं, त्याला तेव्हा एकोणचाळीस वर्षं झाली होती.